शाल, श्रीफळ आणि सहा पायऱ्या

मागच्या २६ जानेवारीची गोष्ट. झेंडावंदन झालं, परेड झाली आणि मग सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार होता. स्वागत समितीत मी होते. शाल, श्रीफळ, गुलाबाची फुलं, बिसलेरीच्या बाटल्या, सगळं आदल्या रात्रीच मोजून ठेवलं होतं. पाहुण्यांपैकी एक जण व्हीलचेअरवर आहेत हे आम्हाला पत्रातच कळलं होतं. तरीही कुणाच्या डोक्यात आलं नाही की आपल्या स्टेजला सहा पायऱ्या आहेत!

मग व्हायचं तेच झालं. सेकंड इयरची चार दणकट मुलं पुढे आली, त्यांनी खुर्चीसकट त्यांना उचललं आणि वर नेऊन ठेवलं. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र त्यांचे हात बघत होते. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट आवळून धरली होती. कार्यक्रम संपल्यावर त्यांना परत खाली आणताना ते एकच वाक्य बोलले, "पोरांनो, ठेवताना जरा सावकाश." भाषणं सगळी विसरले, हे एक वाक्य काही विसरता आलं नाही. कारण ते ऐकताना मला शिरड शहापूरचे फौजी मामा आठवले.

शिरड शहापूर हे माझं आजोळ. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नाव ऐकलं नसेल. जैन समाजातल्या लोकांना मल्लिनाथाच्या क्षेत्रामुळे माहीत असेल, हळदीच्या व्यापाऱ्यांना वसमतच्या बाजारामुळे. आजोळच्या गावात सगळेच मामा असतात, तसे हेही मामा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच सांगितलंय, "लिही, पण नाव नको. उगं लोक म्हणतील पेपरात यायची हौस आली."

मामांची पिठाची गिरणी आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. लहानपणी मला वाटायचं की ते कारगिलमध्ये लढले. गावातल्या प्रत्येक पोराला तसंच वाटतं. सुट्टीत आलेली पोरं गिरणीत जाऊन विचारतात, "मामा, तुम्ही किती मारले?" मामा दळणाच्या डब्यावर चिठ्ठी लावता लावता म्हणतात, "एक बी नाही." मग पोरं निराश होऊन निघून जातात.

खरी हकीकत मला खूप उशिरा कळली. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर आपलं सैन्य सीमेवर गेलं. ऑपरेशन पराक्रम. जवळजवळ दहा महिने दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. लाखो सैनिक, प्रचंड खर्च, आणि युद्ध मात्र झालं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं. या काळात सीमेलगतच्या शेतांमध्ये, वाळूत भूसुरुंग पेरले गेले होते. ते नंतर काढावे लागले. मामा इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होते. (आपण सगळे इंजिनिअरिंग 'शिकतो', ते इंजिनिअर्समध्ये होते!) सुरुंग पेरायलाही तेच होते आणि काढायलाही. काढताना एक फुटला. ते तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते. "पेरायला सोपं असतंय पोरी, काढायला अवघड," एवढंच ते त्याबद्दल बोलतात. शेतकऱ्याचा मुलगा, उपमाही शेतीचीच.

आता गंमत बघा. युद्धच झालं नाही, मग हा माणूस युद्धात जखमी कसा? कारगिलचा जवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टायगर हिल उभं राहतं. पराक्रमचा जवान म्हटलं की काहीच उभं राहत नाही. त्याच्यावर सिनेमा निघत नाही. गावात एकदा कुणीतरी मामांना सरळ विचारलं होतं, "म्हंजी ॲक्सिडंटच की हो!" मामा हसले. पण त्या दिवशी गिरणी त्यांनी तासभर लवकर बंद केली, असं आजी सांगते.

यात गावाचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घरटी फौजी असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे. तिथे आजोबा, वडील, चुलते सगळे फौजेत. पेन्शनचा कुठला फॉर्म कुठे द्यायचा हे तिथे पारावर बसलेला म्हातारासुद्धा सांगेल. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला त्या काळी कंटिंजंट फौजेची छावणी होती हे खरं, पण पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जायची साताऱ्यासारखी परंपरा इकडच्या खेड्यांत तेवढी रुजली नाही. त्यामुळे इकडे फौजी एकटा पडतो. त्याच्या दुखण्याला गावात जोडीदार नसतो आणि त्याच्या कागदाला वाचणारा नसतो.

कागदाचीच गोष्ट सांगते.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले होते. मामांनी निरोप पाठवला, "शहरातली पोरगी आलीय ना, तिला इंग्लिश येतं. पाठवा जरा." मी गेले. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले असल्यामुळे इंग्लिशचा प्रश्नच नव्हता. उलट मनातून जरा बरंच वाटलं, की चला, आपलं शिक्षण गावात कुणाच्या तरी उपयोगी पडलं! मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पत्र काढलं. स्फोटाने त्यांचा पाय गेला तेव्हाच कानाचंही नुकसान झालं होतं. पायाची नोंद झाली, त्याचं अपंगत्व निवृत्तिवेतन मिळतं. कानाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांचं स्वतःचंही नाही. पाय गेलेला माणूस कानात शिट्टी वाजते म्हणून तक्रार करेल का? पण गेल्या काही वर्षांत ऐकू येणं फारच कमी झालं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याचं हे उत्तर.

पत्र एक पानाचं होतं. मी झरझर वाचलं. मधोमध एक वाक्य होतं : 'नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रेव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस.' ग्रामरच्या दृष्टीने अगदी बरोबर. 'नायदर'च्या मागे 'नॉर'. आमच्या टीचरने फुल मार्क दिले असते. पण मामा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्या वाक्याचं मराठी सुचेना. "काय म्हणायलेत ते?" त्यांनी विचारलं. मी हळू आवाजात म्हटलं, "मामा, ते म्हणतात की तुमचं बहिरेपण नोकरीमुळे आलेलं नाही. आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही."

त्यांना ऐकूच आलं नाही.

"आं?" म्हणाले. "मोठ्यानं सांग."

मग मला ते ओरडून सांगावं लागलं. गिरणीच्या दारात दळणाला आलेल्या बाया उभ्या होत्या. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. ज्या माणसाला स्फोटामुळे ऐकू येत नाही, त्याला ओरडून सांगायचं की तुम्हाला स्फोटामुळे ऐकू येत नाही असं नाही! माझ्या आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं वाक्य कधी बोलले नव्हते. आणि ते वाक्य माझं नव्हतंच.

मामा काही रागावले नाहीत. पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली. एक बाई म्हणाल्या, "गिरणीच्या आवाजानं गेले असतील कान." तर मामा म्हणाले, "गिरणी तर नंतर टाकली ना बाई." मग उठले आणि गिरणीच्या पत्र्याच्या झाकणावर तळहात टेकवून उभे राहिले. मला वाटलं वाईट वाटलंय. पण तसं नव्हतं. बेअरिंग चाललंय की नाही हे ते हाताने तपासत होते. आवाज ऐकू येत नाही, म्हणून थरथर हाताने ओळखतात. व्हायब्रेशनचा एक आख्खा पेपर मी दिलाय, पण ते मशीन बिघडणार आहे हे मला तरी कळलं नसतं. दोन दिवसांनी ते बेअरिंग त्यांनी बदललंच.

होस्टेलवर परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. लाज वाटली म्हणून म्हणा, किंवा राग आला म्हणून म्हणा. जे कळलं ते इथे सांगते, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या गावात असा एखादा मामा किंवा काका असेल.

पहिली गोष्ट, अपंगत्व निवृत्तिवेतन मिळायचं तर ते अपंगत्व सैनिकी नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं असावं लागतं. हे ठरवतं मेडिकल बोर्ड. पण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की भरतीच्या वेळी जर सैनिकाच्या कागदावर कुठल्या आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, आणि पुढे तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं मानायचं. नोकरीमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी सैनिकाची नसून समोरच्याची आहे. दुसरी गोष्ट, नकाराचं पत्र म्हणजे शेवट नव्हे. त्यावर अपील करता येतं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने झालं, २००९ पासून काम करतं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे. तिसरी गोष्ट, जुने वैद्यकीय कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागता येतात. चौथी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नावाची गोष्ट असते आणि तिथे या कामासाठीच माणसं बसलेली असतात.

या चारही गोष्टी मामांना माहीत नव्हत्या. मलाही नव्हत्या. फरक इतकाच की मला इंटरनेटवर इंग्लिशमध्ये शोधून एका संध्याकाळी सापडल्या. नियम आहेत, निकाल आहेत, कार्यालयं आहेत. पण एका खेड्यातल्या माणसापर्यंत ते पोचायला मध्ये इंग्लिशची भिंत आहे, आणि आता तर कॉम्प्युटरचीही. गेल्या काही वर्षांत संरक्षण खात्याची पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेली आहे. दरवर्षी हयातीचा दाखलासुद्धा त्यातच. कल्पना चांगलीच आहे, घरबसल्या काम व्हावं. पण ज्याच्या घरी बसून ते करायचं, त्याला पासवर्ड विसरला तर काय करायचं हे सांगणारं कुणी आहे का?

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. आमच्या रूमवर या विषयावर रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. माझी रूममेट यवतमाळची आहे. ती म्हणाली, "तुझ्या मामांना निदान पेन्शन तरी आहे. आमच्याकडे थ्रेशरमध्ये हात गेलेला मजूर आहे, त्याला कोण शाल घालतं? फौजीच का म्हणून स्पेशल?" प्रश्न खरा आहे. मराठवाडा आणि विदर्भातल्या मुलींना शेतातलं दुःख पुस्तकात वाचावं लागत नाही. गावातही मामांना 'पेन्शनवाला' म्हणतात. हातउसने मागायला पहिले त्यांच्याकडेच येतात.

पण मला वाटतं, हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. मामांना कुणापेक्षा मोठं व्हायचं नाही. त्यांना जे अडतं ते त्या मजुरालाही अडतं. तालुक्याच्या गावी एका बँकेत काउंटर पहिल्या मजल्यावर आहे. तिथे मामांना चढता येत नाही, थ्रेशरवाल्याला सही करता येत नाही, माझ्या आजीला दोन्ही जमत नाही. जो जिना फौजीसाठी सोपा होईल तो सगळ्यांसाठीच सोपा होईल. देशाने ज्याला स्वतः पाठवलं आणि ज्याचा पाय स्वतःच्या कामात गेला, त्याच्यासाठीसुद्धा आपण तीन फुटांचा उतार बांधू शकत नसू, तर त्या मजुरासाठी कधी बांधणार? म्हणून सुरुवात इथून करायची, एवढंच.

आणि जखमी सैनिकासाठी शोधलेली गोष्ट पुढे सगळ्यांची होते, याला इतिहास साक्षी आहे. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले सैनिक फार दिवस जगत नसत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात १९४४ साली लुडविग गुटमन या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी वेगळा विभाग सुरू केला. ते स्वतः नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले. पेशंटला पलंगावर पडू द्यायचं नाही, खेळायला लावायचं, असा त्यांचा हट्ट. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

आणि त्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक कुणी मिळवून दिलं? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी. आपल्या होस्टेलवर कितीतरी जणांनी २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' बघितला असेल, त्यामुळे नाव आता माहीत झालंय. पेटकर सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक! नंतर पुण्यात टेल्कोत त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली.

पण तारखा नीट बघा. पदक १९७२ चं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे ५२ वर्षं उलटून गेल्यावर. सिनेमा बघून आम्ही सगळे रडलो. मधल्या पन्नास वर्षांत आपण कुठे होतो, हे कुणी विचारलं नाही. जागतिक विक्रम करणाऱ्याला एवढं थांबावं लागतं, तर पिठाची गिरणी चालवणाऱ्याने किती थांबायचं? प्रत्येक जखमी सैनिकाने आपली दखल घ्यावी म्हणून सुवर्णपदक जिंकायचं का?

आपल्या महाराष्ट्रात यासाठी काहीच नाही असं मात्र नाही. पुण्यात खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली संस्था. पुण्यातच १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांसाठी खडकीलाच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. मामांचा पाय पुण्यालाच बसवला. तिथल्या लोकांबद्दल ते फार चांगलं बोलतात. "तिथं सगळेच असे, त्यामुळं कुणी बघत नाही," म्हणतात. पण पुणे शिरड शहापूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर. पायाचं काही काम निघालं की गिरणी दोन-तीन दिवस बंद.

आणि हा पाय गावात कसा चालतो ते आपल्यासारख्यांनी मुद्दाम बघायला पाहिजे. कॉलेजच्या फरशीवर तो उत्तम चालेल. पण जून-जुलैमध्ये आमच्याकडची काळी माती चपलेला किलोकिलोने चिकटते. तिथे चांगला पाय उचलायला जड जातो, तर हा कसा उचलायचा? उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचतो आणि कातडीला फोड येतात. मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. देवळात जाताना चप्पल काढायची, तर पायाची उंचीच बदलते. उकिडवं बसल्याशिवाय गावात अर्धी कामं होत नाहीत.

या अडचणीवर आपल्याच देशात मोठं काम झालंय. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी मिळून 'जयपूर फूट' तयार केला. तेव्हाचे परदेशी पाय बुटात घालून चालण्यासाठी बनवलेले होते. बुटाच्या आत लपायचं म्हणून ते घोट्यात फारसे वाकत नसत. आपल्याकडे माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात जातो. म्हणून रबर आणि लाकूड वापरून असा पाय बनवला की जो अनवाणी चालेल, वाकेल, भिजला तरी चालेल. रबर व्हल्कनाइज कसं करायचं हे म्हणे सायकलचं पंक्चर काढण्याच्या दुकानावरून सुचलं. डॉ. सेठींना त्यासाठी १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा काही इंजिनिअरिंग कॉलेजात गेले नव्हते. त्यांनी फक्त एक गोष्ट केली. पेशंट घरी जाऊन बसतो कसा, हे बघितलं.

आणि आपण? फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लायब्ररीत जाऊन बघा. लाइन फॉलोअर रोबो, होम ऑटोमेशन, सोलर ड्रायर, आणि परत लाइन फॉलोअर रोबो. निम्मे प्रोजेक्ट सीनिअर्सकडून आलेले, कव्हर बदललेले. (सरांनी माफ करावं, पण हे सरांनाही माहीत आहे!) काळ्या मातीत चालणारा पाय, कमी घाम धरणारं सॉकेटचं अस्तर, हाताच्या स्पर्शाने मशीनची अवस्था सांगणारं साधं यंत्र... यातलं एकही त्या यादीत का नाही?

आणखी एक गोष्ट. आमच्याच औंढा तालुक्यात 'लायगो इंडिया' होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यातून प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजणार. कुठल्या तरी दूरच्या आकाशगंगेत दोन कृष्णविवरं आदळली तर त्याची थरथर औंढ्याजवळ कळणार! मला याचा मनापासून अभिमान आहे. फक्त तो वाचताना मनात येतं, की एवढी बारीक थरथर मोजणारी माणसं आपण, आणि सहा इंचांची पायरी आपल्याला दिसत नाही. तीही आपल्या स्वतःच्या सभागृहातली.

म्हणून फार मोठं काही न मागता तीन गोष्टी सुचवते.

एक, आपल्या स्टेजला उतार बांधू या. १:१२ चा उतार धरला तर तीन फुटांच्या स्टेजला ३६ फूट लांबी लागते. सभागृहाच्या डाव्या भिंतीला तेवढी जागा आहे, मी टेप घेऊन मोजून आले आहे. सिव्हिलच्या मुलांना डिझाइन, वर्कशॉपला रेलिंग. गॅदरिंगच्या डीजेवर जो खर्च होतो त्याच्या काही भागात हे होईल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहेच, पण कायद्याने सांगायची वाट कशाला बघायची?

दोन, एन.एस.एस.चं कॅम्प दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यात जातं. आपण झाडं लावतो, गटारं साफ करतो, फोटो काढतो. त्यात एक दिवस 'कागद वाचन' ठेवू या. गावातल्या माणसांनी आपापले इंग्लिश कागद आणायचे, आपण मराठीत वाचून सांगायचे. पेन्शन, बँक, विमा, कोर्ट, कुठलाही. ज्यांची कॉन्व्हेंटची इंग्लिश आहे त्यांनी इंग्लिश सांभाळावी, आणि ज्यांची गावाकडची मराठी चांगली आहे त्यांनी मराठी. माझ्या अनुभवाने सांगते, दुसरं काम जास्त अवघड आहे.

तीन, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. आपण दहा रुपये देतो, खिशाला झेंडा लावतो आणि लेक्चरला जातो. दहा रुपये द्यायलाच हवेत, तो निधी त्यांच्याच कामी येतो. पण त्या दिवशी ज्याच्या गावात असा सैनिक असेल त्याने घरी एक फोन करावा, आणि तुमचा कुठला कागद अडलाय का, एवढं विचारावं.

मामांचं अपील आम्ही मुदतीत पाठवलं. मराठीत त्यांनी सांगितलं, इंग्लिशमध्ये मी लिहिलं, आणि कुठले कागद जोडायचे ते सैनिक कल्याणच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी फोनवर सांगितलं. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. मामांना फोनवर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी मामींना विचारत असते. मागच्या रविवारी मामी म्हणाल्या, "ते म्हणायलेत, पोरीला सांग, गिरणी चांगली चाललीय. आन् पुढचं पत्र आलं तर मोठ्यानं वाचू नको म्हणा, लिहून दे."

यंदा २६ जानेवारीला पुन्हा सत्कार असेलच. स्वागत समितीत माझं नाव आलंय. शाल, श्रीफळ, फुलं सगळं मोजून ठेवीन. पण त्याआधी तो उतार झालेला असावा, म्हणजे पाहुणे स्वतःच्या हाताने चाक फिरवत वर येतील आणि कुणाला उचलावं लागणार नाही. टाळ्या मग वाजवू. त्या कुठे पळून जात नाहीत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी